डोकं लावायची खोड

हळ्ळीखेडचा रेवणसिद्धप्पा इतका मऊ मनाचा, की बैलावर चाबूक उगारताना आधी आपलेच डोळे मिटायचा. जोंधळा आणि तूर पिकवणारा साधा लिंगायत शेतकरी, घरात मराठी-कानडी एकाच दमात बोलणारा. निजामाच्या राज्यात त्याची साठ वर्षं गेली आणि तेवढ्या वर्षांत त्यानं एकच वाईट काम केलं, तेही लाडापायी. लाडानं माणूस काय काय करून ठेवतो, ते ऐका.

त्याची गाय विताना मेली. मागं राहिलं पांढरंशुभ्र खोंड. रेवणसिद्धप्पानं त्याला बांबूच्या नळीनं दूध पाजून जगवलं आणि नाव ठेवलं मुत्तू, म्हणजे कानडीत मोती. मग दोघांचा एक खेळ सुरू झाला. हा तळहात पुढं धरायचा, मुत्तू त्याला कपाळ लावून रेटायचा. हा हरल्याचं सोंग करत मागं मागं सरकायचा आणि शेवटी धपकन खाली बसायचा. बसला की खेळ संपला. मुत्तू त्याच्या मांडीवर तोंड टाकून गळा खाजवून घ्यायचा. बायको दानम्मा भाकरी थापता थापता हसायची आणि म्हणायची, "उद्या शिंगं आली की बघा तुमची गंमत." हा हसण्यावारी न्यायचा.

दानम्माची आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा हा देवळात जाऊन बोलून बसला, ही सुखरूप सुटली तर मुत्तू देवाला सोडीन. मुलगी झाली, जगली, चन्नव्वा नाव ठेवलं. मग शब्द पाळणं आलं. मुत्तूला हळद माखली, मांडीवर डाग दिला, गळ्यात घंटा बांधली आणि वाजतगाजत पोळ, म्हणजे देवाचा मोकाट वळू, म्हणून सोडून दिला. गावातले वडीलधारे वीरभद्रप्पा बजावून म्हणाले, "रेवण्णा, आजपासून हा देवाचा. दारात आला तरी पाणी दाखवू नकोस. दिलेलं परत घेतल्यासारखं व्हतंय."

मुत्तूला हे कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी तो दारात हजर. दार बंद बघून त्यानं कपाळ लावलं आणि हळूहळू रेटायला लागला, खेळात रेटायचा तसंच. आत रेवणसिद्धप्पा दाराला तळहात लावून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मुत्तू आला नाही. रेवणसिद्धप्पा मनाशी म्हणाला, सुटलो बुवा एकदाचा. सुटतोय कसला.

दोन वर्षांत मुत्तूचा दांडगा वळू झाला. खोड मात्र तीच, दिसेल त्याला कपाळ लावायचं. आधी लोक पाया पडायचे, देवानं कपाळ लावलं म्हणून. शिंगं वाढली तशी तीच माणसं पळायला लागली आणि हा त्यांच्या मागं. पळणारा माणूस त्याला हरल्याचं सोंग करणाराच वाटायचा. पोरांना अंगणात सोडणं बंद झालं. बाया पाणवठ्यावर काठ्या घेऊन जायला लागल्या. रेवणसिद्धप्पा सगळं बघायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, देवाचा हाय, देव बघून घेईल.

आणि ऐन तुरीच्या काढणीत मुत्तूनं शेजारच्या अमृतप्पाचा गुडघा मोडला. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या आणि सांगितलं, पाय राहील, पण आता वाकायचा नाही.

पारावर गाव जमलं. देवाच्या पोळावर हात कोण टाकणार? तेव्हा शहाण्यांनी तोड काढली, चिटगुप्प्याच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांकडं अर्ज करायचा, त्यांचा शिपाई बंदूक घेऊन येईल. पाप बंदुकीला, गाव मोकळं. अर्ज लिहून तयारच होता. वीरभद्रप्पांनी तो रेवणसिद्धप्पापुढं सरकवला. "पहिली सही तुझी. सोडलास तू."

त्यानं टाक उचलला आणि खाली ठेवला. "उद्या सकाळी करतो, अप्पा," एवढंच बोलून घरी आला.

दानम्माला सगळं सांगितलं. म्हणाला, "सही केली तर मुत्तू जातोय. घरी आणला तर नवस मोडतोय. चन्नव्वा त्याच नवसाची हाय. मी काय करू, सांग."

चन्नव्वाचं नाव निघताच दानम्माचा चेहरा उतरला. तिनं पोरीला जवळ ओढून मांडीवर घेतलं. तिची वेणी घालायला घेतली आणि म्हणाली, "देवाला दिला तवा त्याची खोड देवाला सांगितली व्हती का?"

"न्हाई."

"मग देवाला फसवलंच की तुम्ही. गावालाबी. आणि त्या मुक्या जिवालाबी." तिनं वेणीची गाठ आवळली. "चन्नव्वाला देवानं दिलं. तुमची खोड कामून देवाच्या गळ्यात घालताव? जावा, घेऊन या. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

रेवणसिद्धप्पाला बायकोपुढं इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तिच्याबद्दल इतकी मायाही.

सकाळी मुत्तू अमृतप्पाच्याच रानात होता. बांधावर बाजेवर अमृतप्पा पाय लांब करून काढणीवर लक्ष ठेवून होता, आणि अर्जाची सही काय झाली ते बघायला चारपाच माणसं रेवणसिद्धप्पाच्या मागं आली होती. त्याला बघून मुत्तूनं मान खाली घातली आणि तो धावत निघाला. घंटा खणखणायला लागली. मागची माणसं पांगली. रेवणसिद्धप्पाचा तळहात जुन्या सवयीनं आपोआप पुढं गेला. पुढच्या क्षणी मनगट कडाडलं आणि तो तीन हात मागं जाऊन पडला. मुत्तू पुन्हा मान खाली घालून आला. रेवणसिद्धप्पा कसाबसा उठला आणि मांडी घालून बसला.

मुत्तू जागच्या जागी थांबला. त्यानं दोनदा वास घेतला. मग ते भलंमोठं तोंड रेवणसिद्धप्पाच्या मांडीवर टाकलं आणि गळा खाजवून घ्यायला मान लांब केली. रेवणसिद्धप्पा धड राहिलेल्या हातानं खाजवत राहिला. "चुकलो रे बाबा, चुकलो," असं म्हणत राहिला.

 मग बाजेवरून अमृतप्पा म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय? खाली बसायचं?"

"व्हय, अण्णा."

"मग सांगितलं न्हाईस कामून?"

रेवणसिद्धप्पानं फळ्या बांधलेल्या त्या पायाकडं बघितलं. कुठलंही उत्तर त्या पायापुढं थिटंच पडलं असतं.

मुत्तू घरी आला तो कायमचा. अर्ज वीरभद्रप्पांनी स्वतःच्या हातानं फाडला, तोंड मात्र महिनाभर वाकडंच ठेवलं. चन्नव्वाला काही झालं नाही, मजेत वाढली. रेवणसिद्धप्पाचं मनगट वाकडं बसलं. त्याच वाकड्या हातानं तो दरसाल आधी अमृतप्पाचं रान पेरायचा, मग आपलं. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगायचा, "ह्यानं डोकं लावलं तर खाली बसा. खोड माझी हाय, त्याची न्हाई." पाहुणे, बांगड्या भरणारी, एकदा तर वसुलीला आलेला तहसीलचा कारकूनसुद्धा, सगळे निमूट धुळीत बसले.

बसता येत नव्हतं ते एकट्या अमृतप्पाला. तो काठी टेकत यायचा, न वाकणाऱ्या गुडघ्यानं तसाच ताठ उभा राहायचा, आणि मुत्तू मान खाली घालून उठायचा. तेव्हा रेवणसिद्धप्पा हातातलं काम टाकून दोघांच्या मधी यायचा आणि अमृतप्पाच्या वतीनं खाली बसायचा. मुत्तू म्हातारा होऊन मरेपर्यंत, अकरा वर्षं.