साइट बंद नाही, आमच्या वायफायवर अडवली आहे

परवा मी लिहिलं होतं की आमच्यासारख्या कंत्राटी कामगारांना हक्क समजावणारी साइट बंद पडली. ते चुकीचं होतं. थेरगावला मावशीकडे ती उघडते. फक्त आमच्या चाकणच्या हॉस्टेलमध्ये, कंपनीच्या वायफायवर ती अडवली आहे. खोलीत मोबाइलला रेंज नाही.

आज भीत भीत लॅपटॉपचं डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता कुणाला विचारायचा ते सेटिंग, बदललं. साइट उघडली.

वॉर्डन मॅडमनी पाहिलं. "हॅकिंग करतेस का गं?"

"नाही मॅडम. साइटचा पत्ता दुसऱ्याला विचारला, एवढंच."

"कंपनीला कळलं तर?"

"मीच सांगते त्यांना."

शुक्रवारी कंपनीच्या नव्या करारावर आम्हा सगळ्या मुलींच्या सह्या व्हायच्या आहेत आणि अशा करारांतली कलमं त्याच साइटवर समजावून दिली आहेत. न वाचता सही करायची नाही, हे आईने अक्षरओळखीबरोबरच शिकवलं.

तुम्ही न वाचता सही केली असती? मी मेसमध्ये लॅपटॉप उघडून सगळ्यांना वाचायला देणार आहे, येत्या गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.