शंकासुर वकील

आमचे वकीलसाहेब मंडईत वांगी घ्यायच्या आधी चार भाजीवालींना भाव विचारत. चौघींचा भाव एकच निघाला, की पिशवी रिकामी घेऊन परत येत आणि "चौघींनी मिळून ठरवलंय" म्हणत दिवसभर धुमसत. सोलापूरच्या कोर्टात त्यांना सगळे शंकासुर म्हणत. सत्तरच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होतो. त्यांनी दिलेला चहासुद्धा मला तेव्हा परीक्षा वाटे.

व्यापाऱ्यांचं संगनमत हा त्यांचा खास विषय. मक्तेदारीविरुद्धचा आपला कायदा नवा होता, म्हणून परदेशी निकालांची जाडजूड पुस्तकं ते पदरमोड करून मागवत. "अमेरिकेचं कोर्ट विचारतं, संगनमत केलंत का? विलायतेचं विचारतं, त्यात लोकांचं काय भलं झालं? आणि आपला दिल्लीतला आयोग विचारतो, अर्जाच्या प्रती किती जोडल्यात?" मग आवाज उतरवून म्हणत, "पण तिन्हीकडं त्या व्यापाऱ्यांतला एक फुटावा लागतो. एरवी शाबीत होत नाही."

एकदा नरसय्या नावाचा विणकर आला. घरात दोन माग, खाणारी तोंडं बरीच. "सायेब, सुताचा भाव सगळ्या दुकानांत एकच, आन् वाढतो बी एकाच दिवशी. असंच चाललं तर माग विकून भिवंडीला जावं लागंल की." वकीलसाहेबांनी त्याची केस फुकट घेतली. आता फक्त फुटणारा माणूस हवा होता.

तो भर दुपारी मागच्या दारानं आला. सुताचे व्यापारी अप्पा. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल वकीलसाहेबांच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात गुपचूप भाव सांगतात तशी खालून बोटं दाबली. "उद्या सगळ्यांच्या फळ्यावर ह्योच भाव दिसंल. मी साक्ष द्यायला तयार हाय. लोकांचे तळतळाट लई झाले."

वकीलसाहेबांनी हात काढून घेतला. "तुम्हाला कुणी पाठवलं?" अप्पा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले. "आमची केस काय आहे ते काढून घ्यायला आला होता," वकीलसाहेब म्हणाले. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सुताच्या प्रत्येक दुकानाच्या फळ्यावर तोच भाव होता. वकीलसाहेब डोक्यावर टोपी न घालताच अप्पांच्या दुकानी धावले. अप्पा गादीवरून उठले नाहीत. "काल यायला मला लई धीर गोळा करावा लागला, वकीलसाहेब. आता तेवढा न्हाय."

अर्ज फेटाळला गेला. माग विकून भिवंडीला निघालेल्या नरसय्याला गाठायला वकीलसाहेब स्टेशनवर गेले आणि सगळी हकीकत त्यांनी त्याला सांगून टाकली. नरसय्यानं त्यांचा हात धरला. "सायेब, मी असतो तर मी बी त्याच्यावर इस्वास ठेवला नसता."

"मला बरं वाटावं म्हणून नरसय्या खोटं बोलला," असं वकीलसाहेब मरेपर्यंत म्हणत राहिले. त्यांच्या साऱ्या संशयांपैकी हा एक खोटा ठरावा, असं मला फार वाटे. तो संशय खराच होता.