‘पोहोचली’ असं मी लिहिलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिने ऐकून घेतलं असतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी तारबाबू होतो. डहाणूच्या बाजूला, समुद्रालगतच्या एका गावात — गावाचं नाव लिहीत नाही, दोष गावाचा नव्हता. घर चिखले गावात. चिकूची वाडी, थोडं भात, आणि वाडीवर राबायला वारली गडी. हे गडी लक्षात ठेवा. ते मी उगाच सांगत नाहीये.

आमच्या तारघरात टेबल एकच, पण त्यावर वाटा तीन यायच्या. मुंबईची तार मोर्सवर — सपाट्याने, श्वास घ्यायला सवड नाही. रेल्वेच्या बाबूंच्या खुणा निराळ्या, घाई निराळी. आणि आत डोंगराकडे, तलासरी भागातल्या लहान पोस्टांना तार जायची ती टेलिफोनवरून. हँडल फिरवायचं, तार वाचून दाखवायची, पलीकडच्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची. जुळली की आपण ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच फॉर्मवर वेळ घालून लिहायचं — ‘पोहोचली’. तार करणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसायचं. त्याने कागद खिडकीतून आत सरकवला की तो निर्धास्त. समोर जसं यंत्र आणि जसा माणूस, तशी आपली रीत बदलायची, हेच तर मधल्याचं काम. मला त्याचा केवढा गर्व होता! कुठलीही लाइन द्या, मी बोलतो, असं मी छाती काढून सांगायचो.

माझी नात संगणकाच्या पोटातलं काम करते. परवा जेवताना ती मला समजावत होती. मशीनच्या मधोमध एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. प्रिंटर निराळा, नेटवर्क निराळं, प्रत्येकाची बोलायची तऱ्हा निराळी — ती सगळी त्या गाभ्याने सांभाळायची, आणि वरच्याला एवढंच कळवायचं, की पोहोचलं किंवा नाही पोहोचलं. मी विचारलं, “आणि न पोहोचलेलं पोहोचलं म्हणून कळवलं तर?”

“मग वरचं सगळंच खोटं की, आजोबा,” म्हणाली, आणि हसली. मला ताटावरून उठावंसं वाटलं.

तलासरीकडच्या त्या पोस्टात लखमा होता. वारली, सातवी शिकलेला. त्याच्या पाड्यावरचा खुर्चीत बसलेला पहिला माणूस. हात सावकाश चालायचा त्याचा, पण एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. समजलं नाही तर सरळ सांगायचा, “सायेब, जरा हळू. पुना सांगा.” यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. रीतच ती होती. पण मुंबईचा बाबू जेव्हा मोर्सवर ‘परत पाठव’ म्हणायचा, तेव्हा मी निमूटपणे पाठवायचो. लखमा म्हणाला की माझं डोकं सणकायचं. आमच्या वाडीत जे मान खाली घालून उभे राहतात, त्यांच्यातला एक मला — मला — ‘परत सांगा’ म्हणतो!

वाचताना तुम्हाला किळस आली असेल. मला लिहिताना येतेय. पण अजून मुद्दा आलेला नाही. मी त्याच्याभोवती नुसता फिरतोय.

मंगळवार होता. दुपारी मुंबईहून तार आली, तलासरीकडच्या एका शाळेतल्या यमुनाबाईंच्या नावाची. यमुनाबाई मूळच्या वरोरच्या. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो आफ्रिकेला नोकरीसाठी निघाला होता. बोट शुक्रवारची होती, पण तारेत म्हटलं होतं की ती उद्याच संध्याकाळी सुटतेय, ताई, लगेच ये.

मी हँडल फिरवलं. टेबलाशी माझे दोन मित्र गप्पा मारत बसले होते. लखमाने फोन घेतला. लाइन खराब, खरखर चाललेली. मी भरभर वाचलं — मुद्दाम भरभर वाचलं. तो म्हणाला, “सायेब, जरा हळू. पुना सांगा.”

मी मित्रांकडे बघितलं, आणि फोनवर हात ठेवून त्याची नक्कल केली. अगदी त्याच्या सुरात, ओठ लोंबते करून. ते खो-खो हसले. त्या हसण्याची मला इतकी मजा वाटली की मी फोन खाली ठेवून दिला.

मिनिटाभराने घंटा वाजली. तो परत बोलवत होता. त्याने त्याचं काम सोडलं नव्हतं. मी उचलला नाही. घंटा थांबली, पुन्हा वाजली. “वाजू दे रे,” मी म्हणालो, आणि फॉर्म पुढे ओढून वेळ घातली. त्याखाली लिहिलं — ‘पोहोचली’.

विसरलो होतो असं म्हणू का? आयुष्यभर स्वतःला तेच सांगत आलो. पण नाही. बुधवारी सकाळी दात घासताना मला ती तार आठवली. तेव्हा फोन केला असता तर एस.टी. धरून, गाडी धरून बाई संध्याकाळच्या आत बंदरावर पोहोचल्या असत्या. पण फॉर्मवर कालची वेळ होती, आणि आज फोन केला तर लखमा आजची वेळ लिहिणार. मी पकडला जाणार. म्हणून मी चूळ भरली, चहा प्यायलो आणि कामावर गेलो. दिवसभर तो फोन माझ्या हाताशी होता.

यमुनाबाई ठरल्याप्रमाणे शुक्रवारी मुंबईला गेल्या. परतताना आमच्या स्टेशनावर उतरून तारघरात आल्या. हातात पिशवी, तिच्यात भावासाठी नेलेले सुके बोंबील. तो वास आजही माझ्या नाकातून जात नाही. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी अगदी हळू विचारलं, “माझ्या नावाची तार होती का हो? तो कळवल्याशिवाय जायचा नाही.”

आणि मी काय केलं? फॉर्म काढून त्यांच्यासमोर धरला. ‘पोहोचली’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हणालो, “आम्ही इथून वेळेवर दिली होती, बाई. पुढचं तिकडच्यांना विचारा.”

त्यांनी विचारलं. तक्रार झाली, चौकशी लागली. लखमाला आमच्याकडे बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून आला होता. त्याने जे झालं तेच सांगितलं, “फोन आला व्हता. मी पुना सांगा बोललो. सायेबांनी ठेवला. मी दोनदा घंटी मारली, कोणी उचलला नाय.”

मला विचारलं. मी म्हणालो, त्याने तार मला पूर्ण परत वाचून दाखवली होती. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. चौकशीच्या साहेबांनी माझ्या सुवाच्य अक्षराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि संपलं. त्याची नोकरी गेली. लखमा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. लाइन खराब असली की माणूस कान देऊन थांबतो ना, तसा.

शी! मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलोसुद्धा.

दोनएक वर्षांनी, म्हणजे साठचं दशक लागलं होतं, थोरल्या भावाने वाडीवर नवा गडी ठेवला. मी सुट्टीला घरी होतो. चिकू उतरवायच्या जाळीची काठी खांद्यावर घेऊन तो समोर आला — लखमा. मला बघून थबकला. भाऊ आतून ओरडला, त्याला काम सांग रे. मी दुसरीकडे बघत सांगितलं, सहा करंड्या घोलवड स्टेशनला, दुपारच्या गाडीला.

तो जागचा हलला नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “सहा करंड्या. घोलवड टेसन. दुपारची गाडी.”

आणि उभा राहिला. पुढे माझा शब्द यायचा होता — ‘बरोबर’. मी मान फिरवून घरात गेलो.

तो आमच्याकडे आठ वर्षं होता. मी सांगितलेलं प्रत्येक काम त्याने असंच शब्दन् शब्द परत म्हटलं, आणि म्हणून झालं की थांबला. भावाने सांगितलेलं काम तो ऐकायचा आणि लगेच निघायचा. थांबायचा तो फक्त माझ्यासमोर. आठ वर्षांत मी एकदाही ‘बरोबर’ म्हटलं नाही.