मिठावर उभी राहिलेली वहिनी

आषाढात गोव्याहून, पार्श्याच्या घरून दादाचा फोन आला. "तुझी वहिनी गेली रे... फणसाच्या आठळ्या सोलत होती, बसल्या जागीच मान टाकली." उभी राहिली की कोसळणारी बाई जाताना मात्र बसून गेली! हा विनोद तिनेच आधी केला असता, म्हणून लिहायचं धाडस करतो.

चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्याकडे घुमट आरत्या होतात. घुमट म्हणजे तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं मडकं; त्यावर थाप पडली की आम्ही वाजवणारे माणसात राहत नाही. आरतीमागून आरती, कापराचा धूर, वाड्यावरची सगळी मंडळी उभी. वहिनी नवी नवरी होती त्या वर्षी आरत्या अर्ध्यावर असतानाच तिचे डोळे फिरले आणि ती खाली आली. त्यात ती शिरगावची, देवीच्या गावची. आणखी काय पुरावा हवा? "अवसर इलो!" म्हणत, म्हणजे हिच्या अंगात देवी आली असं ठरवून, शेजारची सुमतीकाकी नारळ घेऊन तिच्या पायांशी. "आई, माज्या चेडवाचां लगीन कधी जातलां?" वहिनी पुटपुटली, "आधी पाणी..." काकीने अर्थ लावला: आधी विहीर उपसायची. विहीर उपसली आणि, घ्या, काकीच्या मुलीचं लग्न जुळलं! पुढे दर चवथीला वहिनी पडायची आणि प्रश्नांची रांग लागायची.

ती वैतागायची. "भावजी, देवी येते म्हणता, मग शेवटची आरती मला एकदा तरी उभ्याने का ऐकू देत नाही?"

अखेर म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला निजवून, मग उभी करून तिचा रक्तदाब तपासला. त्या सांगत गेल्या आणि मी आ वासून ऐकत राहिलो. उभं राहिलं की रक्त पायांकडे धावतं, आणि शरीर शिरा आवळून ते गुपचूप वर रेटतं... आपल्याला पत्ताही नसतो! अंगात पाणी टिकवतं मीठ. वहिनीच्या अंगात रक्त मुळात कमी, तरी 'मीठ राखा' हा निरोप मूत्रपिंडांना नीट पोचत नव्हता. खाल्लेलं मीठ वाहून जायचं, त्यामागून पाणी, आणि फार वेळ उभी राहिली की डोक्याला रक्त पुरायचं नाही. उपाय: डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली भरपूर मीठ, भरपूर पाणी. नेमकं दादाला रक्तदाबासाठी मीठ बंद! एका घरात दोन हुमणं, माशांच्या दोन वेगळ्या आमट्या, शिजू लागली. दादा म्हणायचा, "माझं मीठ हिला, हिचा राग मला."

त्या चवथीला काकी नारळ धरून वाट पाहत होती. वहिनी उभीच. शेवटची आरती संपली, तरी उभीच! काकी हिरमुसली, "यंदा देवी रुसली मगो?"

"देवी नाही काकी, मीठ!" वहिनी हसत होती, डोळे वाहत होते. "भावजी, शेवटची परत म्हणा ना."

तेव्हापासून आमच्याकडे शेवटची आरती दोनदा होते. परक्यांना मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, घराण्याचा रिवाज आहे.

यंदाची चवथ बेताचीच केली. शेवटची आरती संपली. माझा हात घुमटावरच राहिला... थाप पडेना. मग सुमतीकाकीने आपल्या चिरक्या आवाजात तीच आरती पुन्हा धरली, आणि इतका वेळ खुर्चीत बसून असलेला दादा उठून उभा राहिला.