अक्काचं बिनजिन्याचं घर

आधी अक्का. ती नसती तर माझा मुलूख त्या दिवशी तेलात माखून फाटून गेला असता. सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ती काठ शिवते. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. मी सांगोल्याकडचा, सातवीतून शाळा सुटलेला, इथे मागासाठी कांड्यांवर सूत भरणारा.

मुलूख म्हणजे काय, ते सांगतो. जकार्डच्या मागावर नक्षी उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. पुठ्ठे दोऱ्यात ओवून वर टांगतात, एकेक फिरत जातो तशी नक्षी पुढे सरकते. नक्षी जुनी झाली की पुठ्ठे रद्दीत. ते मी मागून घ्यायचो आणि उलट्या बाजूवर माझ्या मनातल्या मुलखाची चित्रं काढायचो. शिकवलं कुणीच नव्हतं. भोकं मध्ये यायची, त्यांचे डोळे व्हायचे, नाहीतर विहिरी. आमच्या गावी उन्हाळा टँकरची वाट बघण्यात जातो; माझ्या मुलखात टँकर मेंढरांसारखे कळपानं चरतात आणि गाभण टँकर विहिरीपाशी येऊन वितात. हे ऐकून अक्का तोंडाला पदर लावून हसली होती. मग म्हणाली, "मला पण एक घर दे की तिथं. जिना नको, गुडघे दुखतात." दिलं.

क्रम मोडू नये म्हणून माझेही पुठ्ठे मी दोऱ्यात ओवले. खाली उंदीर कुरतडतात, म्हणून ती माळ नक्षीच्या माळांशेजारी खिळ्याला टांगली. तिथंच चुकलं. नव्या मिस्त्रीनं जुनी नक्षी समजून ती मागावर चढवली. मी कांड्या घेऊन आलो तर माग खडखडतोय आणि वर माझे टँकर फिरतायत. मुलूख तर जाणारच, वर नोकरीही जाईल, एवढंच डोक्यात.

अक्का मशीन सोडून धावली. "बंद कर! त्यात माझं घर आहे!"

"अक्का, नक्षीत कुणाचं घर असतंय होय?" मिस्त्री हसला, पण माग थांबवला.

तिनं पुठ्ठा उलटून त्याच्या नाकासमोर धरला. गलका ऐकून मालक आले. "सातवी शिकलाय आणि देश काढलाय पठ्ठ्यानं!" ते बराच वेळ बघत राहिले. "ह्या टँकरचं पोट असं का?"

"गाभण हाय," माझ्या तोंडून निसटलं.

मालकांना हसू आवरेना. "काढून घे तुझी माळ. आणि वेगळा खिळा ठोक, बाबा."

मी माळ उतरवून एकेक पुठ्ठा तपासला. दोन पुठ्ठ्यांचे कोपरे तेवढे तेलकट झाले होते, बाकी सगळा मुलूख शाबूत. वीतभर टॉवेल मात्र विणून झाला होता, आणि माझे पुठ्ठे वेगवेगळ्या जुन्या नक्ष्यांमधले, म्हणून त्यावर सगळी सरमिसळ: अर्धा मोर, अर्धी पणती, मध्येच हत्तीचा पाय. अक्कानं तो तुकडा कापला आणि चारी काठ शिवून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी ती तिच्या खोलीचा शिडीसारखा जिना चढते, पायरीपायरीला थांबत. पुठ्ठ्यावरच्या घरानं तिचे गुडघे दुखायचे राहत नाहीत. एक दिवस मी अक्काला तळमजल्यावरची खोली बघून देणार आहे, आत नळ असलेली. भाड्याची का होईना, पण खरी.