समीक्षक सरूबाई

करुणा आमच्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांचे पैसे, आणि सुट्टी लागली की घरी. कॉलेजचं नाव सांगत नाही, दौंड तालुक्यात आहे एवढं पुरे. मी तिथं मराठीचा प्राध्यापक, पर्मनंट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पर्मनंट माणसाला दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काही लागत नाही, आणि मी तिला ते बक्कळ शिकवलं.

ती खुटबावच्या बौद्धवस्तीतली. वडील भिमाजी रेल्वेत गँगमन. पोरगी एम.फिल. झाली, तीही एका इंग्रज कादंबरीकार बाईंच्या लेखनातल्या वास्तववादावर. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखिकेला ती 'आमच्या बाई' म्हणायची. आमच्या बाईंच्या पुस्तकांत खून नाही, भूत नाही, लढाई नाही. चार घरांचं गाव, लग्नाला आलेल्या पोरी, आणि कोण कुणाकडे कशासाठी येऊन बसलं याची बारीक नोंद.

मी चिडवायचो, "म्हणजे हळदीकुंकवाची कादंबरी की!"

"सर, हळदीकुंकवात काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणायची. "मलाही बोलवत नाहीत, पण मी दाराबाहेर उभी राहून बघितलंय."

तिची जीभ अशी होती. संस्थेतल्या लोकांना ती आवडत नसे.

आमच्या पोरांची एक रीत आहे. मास्तर कितीही जीव तोडून शिकवो, शेवटी म्हणणार, "उतरवून द्या." उतरवून दिलेलं घोकायचं, आणि परीक्षेत जसंच्या तसं ओकायचं. बाजारातली गाइडं करुणाला विषासारखी वाटायची, म्हणून तिनं स्वतःच्या नोट्स सांगितल्या. वास्तववाद समजावताना पोरांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहावं म्हणून तिनं खुटबावच्या सरूबाईचा दाखला घेतला. सरूबाई म्हणजे गावातली सोयरिकी जुळवणारी म्हातारी. स्थळ बघायला गेली की आधी मागल्या अंगाला जाऊन गोठा बघायची, म्हशी किती, विहिरीवर मोटर आहे का ते बघायची, आणि मग चहाच्या वेळी पोरीचं नाव विचारायची. करुणानं सांगितलं, लेखिकेची नजर अशी असते. आणि इंग्रजीत उतरवून दिलं: खुटबावच्या सरूबाई म्हणतात, आधी गोठा बघावा, मग पोरगी.

एप्रिल नव्व्याण्णवला टी.वाय.च्या परीक्षेत सोळा मार्कांचा प्रश्न आला, त्या लेखिकेच्या वास्तववादाचा. आमच्या एकतीस पोरांनी लिहिलं: 'सुप्रसिद्ध समीक्षक सरूबाई म्हणतात, आधी गोठा बघावा.' नोट्समध्ये ज्याचं नाव येतं तो समीक्षकच असणार, अशी त्यांची समजूत. दोघातिघांनी तर तिला डॉक्टर केली.

मी तासभर हसलो. पुण्याला पेपर तपासणारे हसले नाहीत. एकतीस पेपरांत एकच वाक्य, आणि समीक्षकाचा कुठल्या पुस्तकात पत्ता नाही. सामूहिक कॉपी म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाचा निकाल राखून ठेवला, आणि जूनमध्ये खुलासा मागणारं पत्र कॉलेजात आलं.

खुलासा एका ओळीचा होता. 'हा मजकूर मी वर्गात उतरवून दिला,' एवढं लिहून करुणानं सही केली की पोरं सुटत होती. पण नेमकी त्याच महिन्यात इंग्रजीची पूर्णवेळ जागा निघाली होती. वीस जुलैला मुलाखत. सहा वर्षं ती त्या एका जागेची वाट बघत होती.

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज मधाचा. "मॅडम, आत्ता लिहून दिलंत तर ते मुलाखतीत तुमच्या अंगावर येईल. वीस तारीख जाऊ द्या. महिन्याभरात पोरांचं काय बिघडतंय?"

ती माझ्याकडे आली. "सर, काय करू?"

मी म्हणालो, "थांब. पोरं कुठं पळून चालली नाहीत."

ती थांबली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सीमा आली. भीमेपलीकडची, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याची. बागायतदाराची पोरगी, वर्गात अबोल, पण अक्षर मोत्यासारखं. आम्ही दोघं स्टाफरूममध्ये होतो. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, रिझल्ट कवा लागंल?"

"लागेल. थोडं थांब."

"आप्पा म्हणत्यात, फस क्लास मिळाला तर बी.एड.चा फॉर्म भर. दहा तारीख शेवटची हाय. न्हाईतर कुरकुंभचं स्थळ आलंय, चातुर्मास लागायच्या आत उरकून टाकू म्हणत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी आप्पांना नुसती चिठ्ठी दिली तरी चालंल, की रिझल्ट कशामुळं अडकलाय. त्यांना वाटतंय म्या कॉपी केली."

करुणानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. मला त्या पेपरातली एकही बातमी आज आठवत नाही.

"वीस तारखेनंतर देते," करुणा म्हणाली.

"वीसनंतर कशाला, मॅडम?" असं पोरीनं विचारलं नाही. मान हलवून गेली. तिचं लग्न अठराला लागलं. आम्हाला पत्रिका आल्या होत्या, आम्ही दोघंही गेलो नाही.

वीस जुलैची मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. पहिलाच प्रश्न, "त्या सरूबाईंचं कुठलं पुस्तक वाचलंत हो तुम्ही?" समिती खो खो हसली. म्हणजे प्राचार्यांनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मधाचा आवाज कशासाठी होता ते तेव्हा कळलं. खुलासा आधी आला असता तर पोरांच्या बाजूनं उभी राहिली म्हणून तिचं नाव झालं असतं, आणि सत्यजीतला घेणं अवघड गेलं असतं. सत्यजीत संस्थेच्या सेक्रेटरींचा भाचा. एम.ए.ला दोनदा बसलेला. जागा त्याला मिळाली.

एकवीसला सकाळी करुणानं ती ओळ लिहून दिली. प्राचार्यांनी शिक्का मारला, तिला चहा दिला, आणि पुढच्या सहामाहीचे तास सत्यजीत घेतील असं सांगितलं.

ऑगस्टमध्ये चौकशी समितीसमोर नोट्स पटवून द्यायला तिला पुण्याला बोलावलं. सगळे पेपर टेबलावर होते. परत आली ती थेट माझ्या घरी. चपलाही काढल्या नाहीत, उंबऱ्यातच बसली.

"सर, सीमानं सरूबाई लिहिलीच नव्हती."

"मग?"

"तिनं स्वतःचं लिहिलंय. आपल्याला बघायला आलेल्या बाईनं हात हातात घेतला, आणि माया करते असं दाखवून तळव्यावर घट्टे आहेत का ते चाचपलं. मग म्हणाली, पोरगी कामाची दिसत नाही. एवढंच लिहून पुढं लिहिलंय, आमच्या अभ्यासातल्या लेखिकेला हा हात दिसला असता. सहा वर्षांत एकीला कळलं, सर. एकीला. आणि मी तिला वीस तारीख सांगितली."

मी म्हणालो, तुझा काय दोष. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी पाणी आणायला आत गेलो.

सप्टेंबरात निकाल लागला. सीमाला फर्स्ट क्लास. गुणपत्रक न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा करुणानं ते ऑफिसातून मागून घेतलं आणि मला म्हणाली, "चला." माझ्या स्कूटरवर आम्ही कुरकुंभला गेलो. नवरा कंपनीत पहिल्या पाळीला होता. सासू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सीमा आतून आली, डोक्यावर पदर, हिरवा चुडा. पाणी दिलं.

सासूनं विचारलं, "कोण गं ह्या?"

"वळखीच्या हायेत," सीमा म्हणाली.

"आडनाव काय, बाई?" सासूनं करुणालाच विचारलं. करुणानं सांगितलं. सासूनं शेंगांची पाटी आपल्याकडे ओढून घेतली.

करुणानं गुणपत्रक पुढं केलं. "सीमा, तुझा पेपर मी वाचला. मी त्या दिवशी तुला चिठ्ठी द्यायला हवी होती. माझी मुलाखत होती म्हणून दिली नाही."

सीमानं कागद बघितला, पण हातात घेतला नाही.

"तवाच कळलं व्हतं मला, मॅडम," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं व्हतं ना, माणूस काय बोलतंय ते ऐकायचं न्हाई, त्याला काय पायजे ते बघायचं." मग पाण्याचे पेले उचलून आत गेली. आत ते घासल्याचा आवाज आला, बराच वेळ.