घड्याळजींचं भिंग

घड्याळजी मोठे धार्मिक, अशी गल्लीभर ख्याती होती आणि ती मोडायचं धाडस खुद्द घड्याळजींनाही होत नव्हतं. रोज दुकान उघडण्याआधी ग्रंथाचा एक अध्याय वाचायचा हा नेम वडिलांमागे त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो कधी चुकवला नाही. पण वाचायचे कसे? गॅसवर दूध ठेवून बसायचे आणि ते उतू जायच्या आत अध्याय आटपायचे. "बाबा, देवाला जरा श्वास घेऊ द्या," असं लेक म्हणायची.

खरं सांगायचं तर त्यांना त्यात काडीची गोडी उरली नव्हती. ओठ ग्रंथात आणि मन कुणाच्या तरी बंद पडलेल्या गजरात! या वेळी ग्रंथ संपला की फडक्यात बांधून कायमचा कपाटात ठेवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त बायकोला सांगायचं कसं? तिला तर नवऱ्याच्या भक्तीचा कोण अभिमान!

थोडे अध्याय राहिले आणि घड्याळजी स्वतःच्याच चष्म्यावर बसले. चष्मेवाल्याने आठवड्याचा वायदा केला. नेम तर मोडायचा नाही, म्हणून त्यांनी दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग घरी आणलं. त्यातून घड्याळाचं एखादं चाक दिसतं, ग्रंथातला एखादाच शब्द. पाठ असलेलं म्हणून टाकावं, तर वेग मोडल्यावर तेही आठवेना. निमूटपणे बोट ठेवून सरकावं लागलं.

"त्या... सेवकाने... शत्रूच्या... घोड्यांना..."

घड्याळजी थबकले. शत्रूच्या? इतक्या वर्षांत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"घोड्यांना काय?" मटार सोलता सोलता बायको दारात आली होती.

"पाणी पाजलं. लढाई संपली होती ना."

"मग राजा रागावला नाही?"

"थांब गं, अजून तिथवर पोचलो नाही."

राजा रागावला होताच. पण सेवकाने विचारलं, "महाराज, तहान कुणाच्या बाजूची असते?" घड्याळजींनी बोट मागे नेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. दूध उतू गेलं आणि दोघांनाही पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बायको भाजीसकट खुर्ची घेऊनच आली. दुकान रोज उशिरा उघडू लागलं. "घड्याळजी, तुमचंच घड्याळ मागे पडलंय का?" असं गिऱ्हाइकं विचारत. सकाळी आता त्यांना गजराच्या आधी जाग यायची. पुढे काय होतं, याची चक्क ओढ लागली होती.

शेवटच्या अध्यायाच्या दिवशी चष्मा हाती आला. घड्याळजींनी तो चढवला आणि सवयीने जीभ सुसाट सुटली. अर्ध्या पानावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बायको भाजी उचलून निघाली होती.

"अगं, कुठे चाललीस?"

"वाचा की तुम्ही. एवढी वर्षं देवाशी बोलता, मी मध्ये कशाला येऊ?"

ती हे मनापासून म्हणत होती. घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चष्मा काढला.

"देवाशी कसला बोलतोय! नुसता गजरासारखा वाजत होतो. बस तू."

त्यांनी भिंग लावलं. शेवटचं पान संपलं तेव्हा ग्रंथ बांधायचं फडकं मांडीवरच होतं.

"संपलं?" बायकोने विचारलं.

"संपलं."

"मग पहिल्यापासून घ्या ना. सुरुवात मी कुठे ऐकलीय?"

घड्याळजींनी त्या फडक्याने भिंग पुसलं आणि पहिलं पान उघडलं.